यीस्टचं ट्रान्सक्रिप्शन ॲक्टिव्हेटर प्रथिन प्रयोगशाळेत तयार करताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

इंडक्शन (जिवाणूंकडून प्रथिन बनवून घेणं) झकास होतं, निकेल कॉलममधून प्रथिन भरभरून उतरतं, जेलवर एकच ठसठशीत बँड दिसतो. आणि मग जेल शिफ्टमध्ये, म्हणजे प्रथिन डीएनएला धरतं का ते बघायच्या चाचणीत, प्रोब (खूण लावलेला डीएनएचा तुकडा) जागचा हलत नाही. यीस्टच्या ट्रान्सक्रिप्शन ॲक्टिव्हेटरवर, म्हणजे डीएनएवर बसून जनुक चालू करणाऱ्या प्रथिनावर, नव्याने काम करणाऱ्यांची ही तक्रार सारखी कानावर येते. बहुतेक वेळा दोष त्या शेवटच्या प्रयोगात नसतो. प्रथिनातलं झिंक वाटेत कुठेतरी निघून गेलेलं असतं, नाहीतर जिवाणूचा डीएनए पहिल्या दिवसापासून प्रथिनाला चिकटून आलेला असतो. जेलवरचा बँड या दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाही.

खालचा क्रम गॅल४ हा ॲक्टिव्हेटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो आणि सगळ्यात जास्त घोळही त्याच्याच बाबतीत होतात. ल्यू३, पीपीआर१, पुट३, हॅप१ ही त्याच घराण्यातली, म्हणजे सहा सिस्टीन दोन झिंक धरून ठेवतात अशा रचनेची प्रथिनं. त्यांनाही हाच क्रम चालतो. जीसीएन४ वेगळ्या जातीचं आहे, त्यात झिंक नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी ठरवा: कोणता तुकडा आणि कशासाठी

गॅल४ पूर्ण लांबीचं ८८१ अमिनो आम्लांचं आहे. ते अख्खं ई. कोलाय जिवाणूमध्ये काढायच्या भरीस पडू नका. बहुतांश प्रथिन न विरघळणाऱ्या गोळ्यांत जातं आणि जे विरघळतं त्याचेही तुकडे पडलेले असतात. बहुसंख्य प्रयोगांना पूर्ण प्रथिनाची गरजही नसते.

डीएनएला बांधणी तपासायची असेल तर १ ते १४७ हा भाग घ्या. त्यात झिंकचा गुच्छ आहे आणि दोन रेणूंची जोडी जमवणारा भागही आहे. काही जण आणखी आखूड, १ ते ६५ घेतात. तो रचनेच्या अभ्यासाला उत्तम, पण द्रावणात तो मुख्यतः एकेकटा राहतो आणि डीएनएवर आल्यावरच जोडी करतो. त्यामुळे बांधणीला जास्त प्रथिन लागतं आणि आकडे १ ते १४७ च्या आकड्यांशी जुळत नाहीत.

काचेच्या नळीत ट्रान्सक्रिप्शन चालू करून दाखवायचं असेल तर नुसता बांधणीचा भाग उपयोगाचा नाही. तो डीएनएवर जाऊन बसतो आणि पुढे काहीच करत नाही. त्याला ॲक्टिव्हेशन डोमेन, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन चालू करणारा भाग, जोडावं लागतं: गॅल४ चं स्वतःचं ७६८ ते ८८१, किंवा विषाणूच्या व्हीपी१६ मधलं. व्हीपी१६ जोडलेलं प्रथिन जोरदार काम करतं, म्हणून पुष्कळांची निवड तीच असते. मात्र प्रयोगात गॅल८० (गॅल४ ला रोखणारं प्रथिन) चा रोध दाखवायचा असेल तर ते चालणार नाही. गॅल८० जिथे बसतं ते ८५१ ते ८८१ हे शेपूट त्यात नसतं. हे प्रथिन तयार झाल्यावर लक्षात आलं तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

जीसीएन४ २८१ अमिनो आम्लांचं आहे आणि बांधणीचा भाग अगदी शेवटी, साधारण २२५ ते २८१. हा तुकडा लहान, चिवट, तापमान सोसणारा आहे. पहिल्यांदाच हात घालत असाल आणि नेमकं गॅल४ च हवं अशी अट नसेल, तर जीसीएन४ पासून सुरुवात करा असंच मी म्हणेन.

## २. कन्स्ट्रक्ट: टॅग कुठे लावायचा

गॅल४ मधला पहिला झिंक धरणारा सिस्टीन ११ व्या जागी आहे आणि शेवटचा ३८ व्या. म्हणजे पुढच्या टोकाला टॅग (प्रथिन कॉलमवर पकडता यावं म्हणून जोडलेला तुकडा) लावला तर तो या गुच्छाच्या अगदी उशाशी येतो. सहा हिस्टिडीनचा छोटा टॅग सहसा खपून जातो. मध्ये लवचीक दुवा आणि प्रोटिएजने (प्रथिन कापणाऱ्या विकराने) कापायची जागा ठेवली की काम भागतं. जीएसटी टॅगपासून मी लांब राहते. जीएसटी स्वतः जोडी करतं, गॅल४ ही जोडी करतं, आणि दोन्ही मिळून मोठाले पुंजके तयार होऊ शकतात. विद्राव्यता वाढवायचीच असेल तर माल्टोज बांधणारं प्रथिन बरं, ते एकेकटं राहतं.

ॲक्टिव्हेशन डोमेन जोडलेल्या प्रथिनाचा हिशेब उलटा आहे. हे डोमेन आम्लधर्मी आणि सैल असतं, ठराविक घडी नसलेलं, त्यामुळे प्रोटिएज त्याच्यावर आधी तुटून पडतात. टॅग पुढच्या टोकाला असेल तर शेपूट तुटलेले तुकडेही कॉलमला चिकटतात आणि पूर्ण प्रथिनाबरोबर उतरतात. टॅग मागच्या टोकाला लावला की ज्यांचं शेपूट शाबूत आहे तेच धरले जातात.

तपासा: सिक्वेन्सिंगचा निकाल पूर्ण वाचा, फक्त सुरुवातीची फ्रेम बघून थांबू नका. १४७ नंतर स्टॉप कोडॉन घालायला विसरलं की वेक्टरमधला शेपटाचा तुकडाही प्रथिनाला लागतो आणि जेलवर वजन जास्त का येतंय याचं कोडं पडतं.

पेशी निवडताना कोडॉनकडे लक्ष द्या. यीस्टमध्ये आर्जिनिनसाठी एजीए हा कोडॉन सर्रास वापरला जातो, ई. कोलायमध्ये तो दुर्मीळ आहे. जीन यीस्टमधून जसाच्या तसा उचलला असेल तर बीएल२१ (डीई३) ऐवजी दुर्मीळ टीआरएनए पुरवणारी रोझेटा जात घ्या. जीन ई. कोलायसाठी नव्याने लिहून घेतला असेल तर साधी बीएल२१ (डीई३) पुरते.

## ३. बफर बनवण्याआधी इडीटीए शोधून काढा

इडीटीए धातू पकडून ठेवतो, प्रथिनातलं झिंकही. हा टप्पा लोक सोडून देतात, कारण यात प्रत्यक्ष प्रयोग काहीच नाही. फडताळ उघडून बाटल्यांवरची लेबलं वाचायची आहेत. "माझ्या बफरमध्ये इडीटीए नाहीच" असं सांगणाऱ्यांकडे तो बहुधा पुढच्यापैकी एखाद्या वाटेने आलेला असतो.

प्रोटिएज इनहिबिटरच्या गोळ्या: त्यांच्या दोन जाती मिळतात, एकीत इडीटीए असतो आणि दुसरीत नसतो. डबे दिसायला सारखेच असतात.

डायलिसिसची नळी: ती वापरायला तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत सोडियम बायकार्बोनेट आणि इडीटीएमध्ये उकळतात, आणि पुष्कळ ठिकाणी इडीटीएच्या पाण्यातच भिजवून फ्रिजमध्ये ठेवतात. पुसटसं धुऊन त्यात प्रथिन ओतलं की झिंकचा गुच्छ रात्रभर इडीटीएच्या संगतीत राहतो. नळी आत-बाहेर, भरपूर शुद्ध पाण्याने, पाणी पुन्हा पुन्हा बदलून धुवा.

टीईव्ही प्रोटिएज: त्याच्या साठवणीच्या बफरमध्ये बऱ्याचदा इडीटीए असतो. टॅग कापण्याआधी प्रोटिएजचाच बफर बदलून घ्या.

जेलचा बफर: ०.५ पट टीबीईमध्ये सुमारे १ मिलिमोलर इडीटीए असतो. याबद्दल पुढे बोलू.

आता बफर. मला चालणारी घडण अशी:

- लायसिस (पेशी फोडायचा) बफर: ५० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.८, ५०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० टक्के ग्लिसरॉल, २० मिलिमोलर इमिडॅझोल, १० मायक्रोमोलर झिंक सल्फेट, ०.५ ते १ मिलिमोलर टीसीईपी (सिस्टीनना ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन).
- साठवण बफर: २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५; २०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड; २० टक्के ग्लिसरॉल; १० मायक्रोमोलर झिंक सल्फेट; १ मिलिमोलर टीसीईपी.

फॉस्फेट बफर वापरू नका. झिंक त्याच्याबरोबर साका होऊन खाली बसतं, आणि टीसीईपीही फॉस्फेटमध्ये फार टिकत नाही. सिट्रेट झिंक पकडून ठेवतं, तेही नको. ट्रिस वापरायचा असेल तर पीएच थंड खोलीत जुळवा. २५ अंशांना ८.० जुळवलेला ट्रिस ४ अंशांना जवळजवळ ८.६ वर जातो. एवढ्या पीएचला डीटीटी (टीसीईपीचंच काम करणारा) पाहता पाहता संपतो: २० अंशांना पीएच ८.५ वर त्याचं अर्धायुष्य दीड तासापेक्षा कमी आहे, ७.५ वर मात्र सुमारे दहा तास.

झिंक क्लोराइडचं द्रावण साध्या पाण्यात थोडं गढूळ होतं, म्हणून झिंक सल्फेटचा १०० मिलिमोलर साठा सोयीचा. आणि "झिंक लागतंच ना, मग जास्तच घालू" हा उत्साह आवरा. शुद्ध प्रथिनाच्या बफरमध्ये झिंक शेकडो मायक्रोमोलरवर नेलं तर हिस्टिडीनचे टॅग झिंकमार्फत एकमेकांना धरतात आणि प्रथिन पांढरं होऊन खाली बसू शकतं.

जीसीएन४ साठी: झिंक वगळा, इडीटीए चालतो. हा टप्पा जवळपास सोडून दिलात तरी चालेल.

## ४. चाचणी इंडक्शन

ताजी कॉलनी घ्या. महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवरची नको. रात्रीच्या कल्चरमध्ये १ टक्का ग्लुकोज घाला, म्हणजे इंडक्शनआधीची गळती कमी राहते. ॲक्टिव्हेशन डोमेन असलेलं प्रथिन जिवाणूंना त्रासदायक ठरू शकतं आणि गळती असेल तर प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशींचीच भरभराट होते.

१० मिलिलिटरच्या तीन नळ्या लावा: ३७ अंश तीन तास, ३० अंश चार तास, १८ अंश रात्रभर. ६०० नॅनोमीटरवर ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ झाला की आधी कल्चर ठरलेल्या तापमानाला आणा आणि मगच आयपीटीजी (इंडक्शन सुरू करणारं रसायन) घाला, ०.२ मिलिमोलर पुरतो. आयपीटीजी घालून मग फ्लास्क थंड शेकरमध्ये ठेवणं ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. पाणी थंड होईपर्यंतच्या वेळात ३७ अंशांवरच घाईघाईने प्रथिन बनतं आणि नेमकं तेच गोळे होऊन बसतं. आयपीटीजीबरोबरच झिंक सल्फेट घाला, शेवटी ५० ते १०० मायक्रोमोलर होईल इतकं. प्रथिन घडी घालत असतानाच झिंक हाताशी असायला हवं.

तपासा: एकूण लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) आणि फिरवल्यानंतरचा वरचा द्रव, दोन्ही जेलवर शेजारीशेजारी लावा. फक्त एकूण लायसेट बघून "एक्स्प्रेशन मस्त आहे" म्हणून मोठ्या कल्चरकडे धावू नका. प्रथिन वरच्या द्रवात किती येतं ते महत्त्वाचं. गॅल४ साठी माझा कौल १८ अंशांना आहे.

## ५. पेशी फोडणं

इथून पुढे सगळं बर्फावर. पेलेटच्या प्रत्येक ग्रॅमला ५ ते १० मिलिलिटर लायसिस बफर. पीएमएसएफ (प्रोटिएज रोखणारा) अगदी ऐनवेळी घाला, १ मिलिमोलर. तो पाण्यात झपाट्याने मरतो: २५ अंशांना पीएच ८ वर त्याचं अर्धायुष्य साधारण ३५ मिनिटं. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलेल्या पीएमएसएफला काही अर्थ नाही. तो विषारी आहे, भुकटी तोलताना हातमोजे आणि फ्युम हूड हवंच.

सोनिकेशन १० सेकंद चालू, २० सेकंद बंद. फेस आला म्हणजे टोक वर आलंय, खाली घ्या. चिकट लायसेट पातळ होऊन पिपेटमधून थेंब सुटे पडायला लागले की थांबा.

सावध: चिकटपणा घालवायला डीएनएज टाकण्याचा मोह होतो. ते पुढे अंशतः जरी बरोबर आलं तरी जेल शिफ्टमध्ये तुमचा प्रोबच खाऊन टाकतं. लायसोझाइम वापरलंत तर त्याचा १४ किलोडाल्टनचा बँड लक्षात ठेवा. टॅगविना गॅल४ (१ ते १४७) सुमारे १७ किलोडाल्टनचं, म्हणजे शेजारीच. घाईत या दोघांची अदलाबदल झालेली जेलं पुष्कळ दिसतात.

## ६. डीएनए काढून टाका, कॉलमच्या आधी

माझ्या मते सगळ्यात निर्णायक टप्पा हा, आणि छापील प्रोटोकॉलमध्ये याला बऱ्याचदा एक ओळही मिळत नाही.

तुम्ही बनवलेलं प्रथिन डीएनएला चिकटण्यासाठीच आहे आणि पेशी फोडल्या त्या क्षणी त्याच्याभोवती जिवाणूचा डीएनए गच्च भरलेला असतो. कमी मिठात ते त्याला धरून बसतं आणि तो डीएनए निकेल कॉलमवरूनही प्रथिनाबरोबरच उतरतो. त्यामुळे मीठ पहिल्यापासून ५०० मिलिमोलरच्या खाली नको. ॲक्टिव्हेशन डोमेन असेल तर ७५० पर्यंत न्या.

क्रम असा:

१. लायसेट २०,००० जी वर ४ अंशांना ३० मिनिटं फिरवा, वरचा द्रव घ्या.

२. तो बर्फावर मंद ढवळत ठेवा. पॉलिइथिलिनइमाइनचं ५ टक्के द्रावण, ज्याचा पीएच आधीच ८ च्या आसपास आणलेला आहे, थेंबथेंब घाला. शेवटची मात्रा ०.१ टक्का. मूळ बाटलीतलं द्रावण कडक अल्कलाइन असतं, ते थेट ओतू नका.

३. द्रव दुधाळ होईल. १० मिनिटं ढवळा, पुन्हा २०,००० जी वर २० मिनिटं फिरवा. डीएनए खाली, प्रथिन वर.

४. वरच्या द्रवात अमोनियम सल्फेट ७० टक्के संपृक्ततेपर्यंत, ० अंशांना १०० मिलिलिटरला सुमारे ४३.६ ग्रॅम, हळूहळू घाला. अर्धा तास ढवळा, फिरवा. आता प्रथिन खाली बसतं आणि उरलेलं पॉलिइथिलिनइमाइन वर राहतं.

५. पेलेट भरपूर लायसिस बफरमध्ये विरघळवा.

चौथी पायरी गाळू नका. पॉलिइथिलिनइमाइन धनभारित आहे. ते प्रथिनाबरोबर शेवटपर्यंत आलं तर जेल शिफ्टमध्ये प्रोब खाचेतच अडकून बसतो, आणि "माझं प्रथिन इतकं घट्ट बांधतंय की जेलमध्ये शिरतच नाही" असा भलताच आनंद होतो.

मिठाचं प्रमाण इथे का जपायचं? मीठ कमी असेल तर बांधणीचं प्रथिन डीएनएला धरून त्याच्याबरोबर खाली जातं. आम्लधर्मी ॲक्टिव्हेशन डोमेन असेल तर ते थेट पॉलिइथिलिनइमाइनलाच चिकटतं. प्रथिन गायब झालं असं वाटलं तर हा पेलेट टाकण्याआधी ७५० मिलिमोलर मिठात धुऊन जेलवर लावून बघा. बहुधा तिथेच सापडतं.

तपासा: २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणांचं गुणोत्तर, आधी आणि नंतर. न्यूक्लिक आम्लाचं १.८ ते २ असतं, स्वच्छ प्रथिनाचं ०.६ च्या जवळ. इथे लायसेट अजून मिसळीचं आहे म्हणून ०.६ ची अपेक्षा नको, पण आकडा ठळकपणे उतरलेला दिसलाच पाहिजे.

## ७. निकेल कॉलम

या टप्प्यात नवं फारसं काही नाही. तासभर ४ अंशांना बांधू द्या, लायसिस बफरने धुवा, मग १ मोलर मिठाच्या बफरने धुवा (उरलासुरला डीएनए इथे सुटतो), मग ४० मिलिमोलर इमिडॅझोलने, आणि शेवटी २५० मिलिमोलरने उतरवा. रेझिन तपकिरी पडला तर डीटीटी जास्त झालाय. निळसर रंग उडून पांढराफटक झाला तर निकेल निघून गेलंय आणि इडीटीए कुठूनतरी आलाय. प्रथिनातल्या झिंकचंही काय झालं असेल त्याचा अंदाज बांधा आणि तिसऱ्या टप्प्याकडे परत जा.

उतरलेलं प्रथिन लगेच २०० मिलिमोलर मिठात डायलिसिसला टाकू नका. ५०० वरून ३५० आणि मग २००, असं पायरीपायरीने आणा. एकदम मीठ उतरवलं की नळीत पांढरे तंतू तरंगताना दिसतात, आणि ते परत विरघळवण्याची खटपट सहसा वाया जाते.

## ८. हेपारिन कॉलम

हेपारिन ऋणभारित आहे, डीएनएसारखं वागतं, त्यामुळे नीट घडी असलेलं बांधणीचं प्रथिन त्याला धरतं. २०० मिलिमोलर मिठात चढवा, १ मोलरपर्यंत उतार द्या. लोक हा टप्पा "आधीच शुद्ध आहे" म्हणून गाळतात, पण फक्त शुद्धता वाढवणं हा याचा उद्देश नाही. बिघडलेल्या घडीचं किंवा अजून डीएनए घेऊन बसलेलं प्रथिन इथे बऱ्याच अंशी वेगळं पडतं. डीएनएने आधीच जागा अडवलेलं प्रथिन हेपारिनला धरत नाही आणि थेट वाहून जातं. वाहून गेलेला द्रव जपून ठेवा आणि त्याचं २६०/२८० गुणोत्तर बघा.

व्हीपी१६ जोडलेल्या प्रथिनाचा एकूण भार वेगळा असल्याने ते कमी मिठातच उतरतं. बँड अपेक्षेपेक्षा वर दिसला तरी घाबरू नका. आम्लधर्मी डोमेन असलेली प्रथिनं एसडीएस जेलवर मंद धावतात आणि वजन फुगवून दाखवतात.

## ९. प्रथिन मोजणं

गॅल४ च्या १ ते १४७ भागात ट्रिप्टोफॅन एकच आहे आणि टायरोसीनही एकच. त्यामुळे २८० नॅनोमीटरवर त्याचा मोलर गुणांक सुमारे ७,००० एवढाच येतो. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचं शोषण जेमतेम ०.४. यंत्राला "१ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम" असं सांगून मोजलं तर अडीच पटीची चूक घरच्या घरी होते. शिवाय मूळ आकडाच लहान असल्याने डीएनएचा किंचित अंशसुद्धा त्याला दुप्पट करतो. इमिडॅझोलही २८० ला शोषतं, म्हणून डायलिसिसच्या आधी मोजू नका आणि शून्य जुळवायला डायलिसिसचाच बफर घ्या.

जीसीएन४ च्या शेवटच्या तुकड्यात तर ट्रिप्टोफॅन नाहीच, एक टायरोसीन तेवढा. तिथे २८० वर विसंबणं व्यर्थ. ब्रॅडफोर्ड वापरा, पण तो आर्जिनिन आणि लायसीनवर जास्त रंगतो आणि या प्रथिनात त्यांचीच गर्दी आहे, त्यामुळे आकडा फुगतो. जेलवर माहीत असलेल्या प्रथिनाच्या चढत्या मात्रा शेजारी लावून ताडून बघितलं की निदान ढोबळ चूक तरी पकडली जाते.

## १०. जेल शिफ्ट: आधी क्रियाशील अंश, मग केडी

गॅल४ ची जागा १७ बेसची: सीजीजी, मध्ये ११ बेस, मग सीसीजी. प्रोब ३० बेसच्या आसपास घ्या, जागा मधोमध. जीसीएन४ साठी टीजीएसीटीसीए.

बांधणीचा बफर: २० मिलिमोलर हेपेस, ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मायक्रोमोलर झिंक सल्फेट, १ मिलिमोलर डीटीटी, १० टक्के ग्लिसरॉल, ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए. बीएसए वगळू नका. नॅनोमोलर मात्रेचं प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून जातं आणि नळीत उरतच नाही. प्रथिन पातळ करतानाही बीएसए असलेलाच बफर घ्या.

५ ते ६ टक्क्यांचं साधं जेल, ४ अंशांना, अर्धा-एक तास रिकामं चालवून घेतलेलं. जेल घट्ट होण्याआधीचं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, हातमोजे घाला. रंग फक्त रिकाम्या खाचेत. बफर म्हणून इडीटीएविना ट्रिस-बोरेट घ्या. साध्या ०.५ पट टीबीईमध्ये गॅल४ चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं जमतंही, कारण डीएनएला धरलेला गुच्छ बऱ्यापैकी तग धरतो. पण बँड पुसट, ओघळलेला दिसला तर पहिला संशय इथेच घ्या.

पहिल्याच जेलवर केडी (बांधणी किती घट्ट आहे त्याचा आकडा) काढायला बसू नका. आधी किती प्रथिन खरोखर बांधतं ते काढा. प्रोब मुद्दाम केडीच्या कितीतरी पट जास्त घ्या, समजा २०० नॅनोमोलर, आणि प्रथिन वाढवत न्या. गॅल४ जोडीने बसतं, म्हणजे सगळं प्रथिन क्रियाशील असेल तर ४०० नॅनोमोलर एकेरी रेणूंना प्रोब पूर्ण सरकायला हवा. तो ८०० ला सरकला तर निम्मंच प्रथिन कामाचं आहे. पुढच्या सगळ्या आकडेमोडीत हा गुणक लावा.

केडीसाठी उलटं करायचं: प्रोब केडीच्या खूप खाली, शक्य तितका कमी, आणि प्रथिन त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. प्रोब जास्त ठेवून काढलेला केडी हा प्रत्यक्षात प्रोबच्या मात्रेचाच अर्धामुर्धा आकडा असतो. छापून आलेल्या आकड्यांतही ही गफलत दिसते.

सोबत चार खाचा हव्याच: प्रथिनाविना, जागा बदललेला प्रोब, बिनलेबल प्रोबची पन्नास-शंभर पट स्पर्धा, आणि गॅल४ असेल तर झिंक काढणारी खाच, म्हणजे प्रथिन १,१०-फिनँथ्रोलिनबरोबर ठेवून मग प्रोब दिलेला. या शेवटच्या खाचेत बांधणी गेली नाही तर तुम्ही जे बघताय ते गॅल४ चं काम नाही, दुसरं काहीतरी डीएनएला धरतंय.

## ११. साठवण

१० ते २० मायक्रोलिटरचे छोटे भाग करा, द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवा, उणे ८० ला ठेवा. नळी थेट फ्रीझरमध्ये ठेवली की ती सावकाश गोठते, मीठ एका बाजूला गोळा होतं आणि प्रथिन बसतं. एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका, दोन मायक्रोलिटर उरले तरी. नळीवर तारीख, एकेरी रेणूंची मात्रा आणि क्रियाशील अंश, तिन्ही लिहा.

## विकत आणलेली कुपी असेल तर

तयार प्रथिन मागवताना वर्णनात "पूर्ण लांबी" की "अंशतः" ते पहिलं वाचा, आणि अंशतः असेल तर नेमके कोणते अमिनो आम्ल क्रमांक ते मागून घ्या. टॅग कुठल्या टोकाला आहे, प्रथिन कशात बनवलं आहे आणि बफरमध्ये इडीटीए आहे का, हेही लेखी विचारा. "शुद्धता एसडीएस जेलने तपासली" या वाक्यात डीएनए बांधणीची कसलीही हमी नाही. अँटिबॉडीसाठी प्रतिजन म्हणून विकलेलं प्रथिन वेस्टर्नला उत्तम चालेल आणि जेल शिफ्टला निकामी असेल, आणि विक्रेत्याने त्यात काही फसवलेलं नसेल.

सुकवलेली भुकटी असेल तर झाकण उघडण्याआधी कुपी थोडी फिरवा, भुकटी बहुतेकदा झाकणाला लागलेली असते. सांगितलेल्या द्रवात विरघळवा, व्हॉर्टेक्स करू नका, १०-१५ मिनिटं बर्फावर राहू द्या. मग झिंक आणि टीसीईपी असलेल्या साठवण बफरमध्ये बदलून घ्या आणि कुठल्याही खऱ्या प्रयोगाआधी दहाव्या टप्प्यातली क्रियाशील अंशाची चाचणी लावा. झिंक आणि टीसीईपी ताजे घालून अर्धा तास ठेवलेला एक भाग आणि जसा आला तसा एक भाग, असे दोन्ही एकाच जेलवर चालवा. पहिला बांधतो आणि दुसरा नाही, तर कुपी वापरता येईल. दोन्ही बांधत नसतील तर आधी २६०/२८० गुणोत्तर बघा, आणि ते ठीक असेल तर कुपी परत करा.